फळी आणि माशी : विदर्भात राहून सर्फिंग व खाऱ्या पाण्यातील फ्लाय फिशिंग

झाडीपट्टीकर

नमस्कार. माझे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे आणि घराच्या मागच्या दाराने बाहेर पडले की मालगुजारी तलावाची पाळ लागते. आम्हाला त्यातल्या त्यात सोयीचा समुद्र म्हणजे विशाखापट्टणमचा, आणि तोही गोंदियाहून रायपूर, टिटलागड, रायगडा अशा वाटेने सुमारे सातशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी राहून धान पिकवणाऱ्या माणसाने सर्फिंग (फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणे) आणि समुद्रातील फ्लाय फिशिंग (गळाला नकली माशी बांधून मासे धरणे) यांवर धागा काढावा, याचे काहींना हसू येईल. माझ्या सासुरवाडीत ते गेली कित्येक वर्षे येत आहे, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

विशाखापट्टणमला मी सहा वर्षे जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात वेल्डर होतो. सुट्टीच्या दिवशी ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर फळी भाड्याने घेऊन लाटेवर उभे राहायला शिकलो. फ्लाय फिशिंग मला कारखान्यातल्याच एका मल्याळी सहकाऱ्याने शिकवले. निवृत्त होताना त्यांनी आपला जुना आठ नंबरचा रॉड माझ्या हातात ठेवला आणि पगाराच्या दिवशीही मी घरी इतक्या आनंदाने गेलो नसेन. वडील थकल्यावर नोकरी सोडून परत आलो, परंतु वर्षातून दोनदा समुद्राकडे जाणे मात्र सुटलेले नाही.

ही दोन्ही वेडे मला वेगवेगळ्या माणसांकडून लागली आणि त्या माणसांचे एकमेकांशी विशेष पटत नसे. फळीवाल्यांना गळवाले कंटाळवाणे वाटत, तर गळवाल्यांच्या मते फळीवाले मासे पळवून लावत. मला मात्र हळूहळू असे दिसू लागले की दोघेही पाण्याचा तोच तुकडा वाचत असतात. किनाऱ्याजवळ वाळूचा आडवा बांध तयार झालेला असतो आणि त्याच्यावर लाट फुटते. फुटलेल्या लाटांचे पाणी किनाऱ्याशी साचते आणि बांधातल्या एखाद्या खोलगट तोंडातून जोराने समुद्राकडे परत जाते. आपल्या तलावाच्या सांडव्यासारखीच ती जागा असते. तिथे फेस कमी, रंग गडद आणि पृष्ठभाग किंचित सुरकुतलेला दिसतो. फळीवाला याच ओढीचा उपयोग करून फारशी वल्हवणी न करता लाटांच्या मागे पोहोचतो. गळवाला याच ओढीच्या कडेला आपली माशी टाकतो, कारण लाटेने उकरलेले खेकडे, कोळंबी आणि लहान मासे तिथूनच वाहत जातात आणि मोठे मासे त्यांच्या वाटेवर टपून असतात. आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नाही असा सहलीला आलेला माणूस नेमका तिथेच, पाणी शांत दिसते म्हणून, आंघोळीला उतरतो आणि बुडतो. पहिल्या पावसात सांडव्याखाली चढणीचे मासे पकडलेल्या पोराला हे समजायला वेळ लागू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता लाटेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे बसून प्रवासाचा दिवस ठरवायचा तर ते समजले पाहिजे. मोबाइलवरच्या अंदाजात लाटेची उंची दिलेली असते आणि नवखा माणूस तेवढीच पाहतो. खरे पाहायचे ते दोन लाटांमधले सेकंद. सहा सेकंदांची एक मीटरची लाट म्हणजे जवळच्याच वाऱ्याने उठवलेला गोंधळ असतो, तर बारा ते सोळा सेकंदांची एक मीटरची लाट फार दुरून, नीट ओळीत लागून आलेली असते. खोल समुद्रात लाटेचा वेग सेकंदाला साधारण १.५६ मीटर गुणिले तिचे सेकंद इतका असतो आणि लाटांचा संपूर्ण ताफा त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतो. म्हणजे सोळा सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी सुमारे ४५ किलोमीटरने येतो. दक्षिण महासागरातल्या एखाद्या वादळात जन्मलेल्या आणि सात हजार किलोमीटर चाललेल्या लाटा आपल्या पूर्व किनाऱ्याला साडेसहा दिवसांनी लागतात. बंगालचा उपसागर दक्षिणेला उघडा असल्यामुळे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत या दक्षिणेकडच्या लाटा अधिक मिळतात. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे अंदाज मी पाळीवर बसून पाहतो. शेजारी समजतात की मी पावसाचाच अंदाज पाहतो आहे.

यातूनच माझे वर्ष बसले आहे. रोवणी आटोपली, पहिले निंदण झाले आणि पीक पोटरीत यायला अवकाश असला की सप्टेंबरच्या आरंभी मी फळीसाठी जातो. कापणी व मळणी होऊन धान खरेदी केंद्रावर लागले की जानेवारीत गळासाठी जातो, कारण त्या काळात समुद्र पुष्कळदा सपाट असतो. फळीवाला अशा समुद्राकडे पाहून उसासे टाकतो, परंतु सपाट आणि निवळ पाणीच माशीला हवे असते. ज्याला दोन्ही येते त्याची फेरी सहसा वाया जात नाही, आणि आमच्यासारख्यांना गाडीभाडे व रजा दोन्ही मोजून मिळत असल्यामुळे हा फायदा लहान नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र मी जात नाही. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमवर आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यानंतर त्या दोन महिन्यांत समुद्राशी थट्टा करण्याची इच्छा उरलेली नाही.

एकच वारा दोघांना कसा लागू पडतो तेही पाहण्यासारखे आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो, त्यामुळे लाटेचे तोंड गुळगुळीत होते आणि ती उशिरा, उभी फुटते. तोच वारा किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गळवाल्याच्या पाठीशी असतो आणि त्याची लाइन पुढे नेतो (मागे फेकताना तोच अडवतो, हे सांगायचे राहू नये). नऊ-दहाच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटला की दोघांचाही दिवस संपतो आणि दोघेही एकाच टपरीवर इडली खायला येतात.

फ्लाय फिशिंग ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नेहमीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. इथे उलट आहे. कृत्रिम माशीला वजन जवळपास नसतेच आणि लाइनच जाड व वजनदार असते. आठ नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन साधारण साडेतेरा ग्रॅम भरते आणि तेवढ्या वजनावर नऊ फुटी रॉड वाकवून, आसूड फिरवावा तशी ती मागेपुढे फिरवत लांबवायची असते. समुद्रातली ‘माशी’ ही नावापुरतीच माशी होय. ती बहुधा लहान माशाची किंवा कोळंबीची नक्कल असते. बॉब क्लाउझर यांनी बनवलेली क्लाउझर मिनो नावाची माशी जगभर चालते. तिच्या वरच्या अंगाला जड डोळे बांधलेले असल्यामुळे गळाचे टोक वर राहते आणि ओढताना ती टुणटुण खालीवर होते. तिला हरणाच्या शेपटीचे केस लागतात. मी आमच्या बोकडाच्या शेपटीचे वापरतो, डोळ्यांसाठी किल्लीच्या साखळीतले मणी घेतो आणि चमक आईच्या जुन्या लुगड्याच्या जरीची असते. ऋषिकोंड्याच्या उत्तरेला भीमुनिपट्टणम येथे गोस्थनी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी या जरीवर मी मासा धरलेला आहे आणि फोटो काढून सोडलेलाही आहे.

सरावासाठी कापणीनंतरची बांधी (धानाचे शेत) उत्तम. मात्र धसकटांवर लाइन घासून तिचे आवरण सोलले जाते, म्हणून मी आता खळ्यावर सराव करतो. कुणाला या दोहोंपैकी एकाचाही अनुभव असेल तर अवश्य लिहावे.

डोंगा

आपला लेख दोनदा वाचला. मी सिंदेवाही तालुक्यातला, ढिवर समाजातला. आमच्या संस्थेकडे तीन तलाव ठेक्याने आहेत. आपण सांडव्याचे उदाहरण दिले ते बरोबर आहे, परंतु त्या सांडव्याखाली मासे पकडणारी पोरे बहुधा आमची असतात आणि ती खेळ म्हणून पकडत नाहीत, एवढे नमूद करतो.

माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की मासा पकडायचा, त्याच्या तोंडाला भोक पाडायचे, फोटो काढायचा आणि मग दया दाखवून सोडून द्यायचे, हे आमच्या लोकांना समजत नाही. माझ्या वडिलांना मी हे वाचून दाखवले. ते म्हणाले, पोट भरलेल्या माणसाला भूक लागावी म्हणून केलेले हे उपाय आहेत. दुसरा आक्षेप सरावाचा. आपण खळ्यावर सराव करता हे चांगले आहे, परंतु आपला लेख वाचून चार शहरी मुले रॉड घेऊन तलावावर आली तर त्यांना हे ठाऊक असावे की त्या पाण्यात संस्थेने पैसे मोजून बीज सोडलेले असते आणि तिथला कटला-रोहू म्हणजे आमचे उभे पीक असते. दुसऱ्याच्या बांधीत शिरून ओंब्या खुडाव्यात असे ते होईल. आधीच मामा (माजी मालगुजारी) तलावांची अवस्था आपण जाणता. गाळ भरला, पाळीवर बेशरमाची झुडपे माजली आणि देशी मासे कमी झाले.

बाकी लाटेच्या सेकंदांचा हिशेब मला आवडला. आम्ही डोंग्यातून जाळे टाकताना वारा कुठून कुठे किती लांब पाण्यावरून आला ते पाहतो. तलाव लहान म्हणून लाट लहान, हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु ती मोजता येते असे कधी मनात आले नव्हते.

झाडीपट्टीकर

डोंगाभाऊ, दुसरा आक्षेप मी जसाच्या तसा मान्य करतो आणि तो मूळ लेखातच यायला हवा होता. ठेक्याच्या तलावात संस्थेची परवानगी घेतल्याशिवाय कुणीही रॉड टाकू नये. निव्वळ फेकण्याचा सराव करायचा असेल तर लाइनच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. तो पाण्यावर छान दिसतो आणि कुणाचे नुकसानही होत नाही.

पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आपल्या वडिलांचे वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. मी स्वतः खाण्यापुरता एखादा मासा ठेवतो आणि बाकीचे सोडतो. सोडायचे असतील तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो, हात ओले करूनच मासा धरतो आणि शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढतच नाही. याने दुखणे कमी होते, नाहीसे होत नाही.

मात्र हा श्रीमंतांचा खेळ आहे हे अर्धेच खरे वाटते. आपल्या देशात फळीवर नाव काढलेली पुष्कळ मुले मच्छीमार घरांतली आहेत. चेन्नईजवळच्या कोवलमचे मूर्ती मेगवन हे मच्छीमारच. त्यांनी गावातल्या मुलांना फळीवर उभे केले आणि तिथे सर्फिंगची शाळा उभी राहिली. लाट अंगाखालून जाताना काय करते, हे होडीत वाढलेल्या मुलाला शिकवावे लागत नाही. फळी व गळ या दोन्ही नादांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इव्हॉन शुइनार्ड यांचे आहे. आज त्यांचे नाव पॅटागोनिया या कपड्यांच्या मोठ्या कंपनीमुळे माहीत आहे, परंतु त्यांची सुरुवात १९५७ मध्ये जुनी कोळशाची भट्टी विकत घेऊन गिर्यारोहणाच्या लोखंडी मेखा ठोकण्यापासून झाली. लोहारकाम करायचे, गाडीतून माल विकायचा आणि उरलेल्या वेळात लाटा शोधायच्या. विक्रीचा एक टक्का निसर्गासाठी देण्याची चळवळ त्यांनी २००२ मध्ये सुरू केली, तीही क्रेग मॅथ्यूज या फ्लाय फिशिंगच्या दुकानदाराबरोबर. मी वेल्डर असल्यामुळे मला या माणसाविषयी थोडा पक्षपात आहे, हे मान्य करतो.

आर्वीची_माहेरवाशीण

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते, वय त्रेचाळीस. पोहायला मी विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून, आणि अजूनही चांगले पोहते. गेल्या वर्षी पुरीला गेलो असताना काही मुली फळीवर उभ्या राहताना पाहिल्या आणि तेव्हापासून मनात काहीतरी घर करून बसले आहे. घरी सांगितले तर यजमान म्हणाले, तू जा, मी किनाऱ्यावर बसून मासे पकडीन. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात पाहून फार बरे वाटले.

माझे प्रश्न साधे आहेत. चार दिवसांच्या सुट्टीत माझ्या वयाच्या बाईला उभे राहता येते का? इथे राहून काय तयारी करता येईल? पोशाख कोणता असावा? आणि आपण ज्या ओढीचे वर्णन केले तिच्यात सापडले तर काय करावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कृपया सर्वांत आधी द्यावे.

झाडीपट्टीकर

ताई, आपल्या क्रमानेच सांगतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने पोहू नये, कारण ती ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही दमवते. ती माणसाला खाली नेत नाही, बाहेर नेते. म्हणून आधी तरंगत राहावे, मग किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि जिथे लाटा फुटत असतील तिथून त्यांच्याच धक्क्याने परत यावे. दम संपला असेल तर केवळ तरंगावे आणि हात वर करून मदत मागावी. फळी सोबत असेल तर ती कधीही सोडू नये. पायाच्या घोट्याला बांधलेली तिची दोरी म्हणजे आपला डबाच समजावा. विहिरीत पोहणाऱ्यांना समुद्रात एक सुख असते, खाऱ्या पाण्यात अंग अधिक हलके तरंगते. परंतु विहिरीला लाट नसते, त्यामुळे नाकातोंडात पाणी जाण्याची पहिल्या दिवशी तयारी ठेवावी.

चार दिवसांत आपण नक्की उभ्या राहाल, मात्र फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर, कमरेइतक्या पाण्यात आणि आठ-नऊ फुटांच्या मऊ फळीवर. शिक्षक घ्यावाच. हिरव्या, न फुटलेल्या लाटेवर तिरके जाणे ही पुढची इयत्ता आहे आणि मला तिला दोन वर्षे लागली.

तयारीसाठी अंगणात सतरंजी अंथरून मधोमध खडूने रेघ मारावी. पालथे झोपून, तळहात छातीच्या बाजूंना टेकवून एका झटक्यात दोन्ही पाय रेघेवर आणायचे, गुडघे वाकलेले आणि नजर समोर. आपण खाली पाहिले की माणूस खालीच जातो. रोज वीस वेळा करावे. आमच्याकडे चिखलणीनंतर बांधी सपाट करताना बैलांमागच्या फळीवर उभे राहायचे असते. लहानपणी ते केलेल्या माणसाला गुडघे का वाकवायचे ते सांगावे लागत नाही, पण आर्वीकडे कापूस आणि सोयाबीन असल्यामुळे तो उपाय आपल्याला लागू नाही. पोशाख पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट आणि लवकर वाळणारा असावा. त्याने ऊन आणि फळीची खरचट दोन्ही वाचते. ओढणी नको.

लाटेवर कुणाचा हक्क, तेही आधीच जाणून घ्यावे. लाट जिथे प्रथम फुटू लागते त्या टोकाला जो सर्वांत जवळ असेल त्याची ती लाट. इतरांनी थांबायचे. कालव्याच्या पाणीपाळीवरून आपल्याकडे डोकी फुटतात, तशी समुद्रावरही फुटतात. फरक एवढाच की पुढची लाट पंधरा सेकंदांत येते.

यजमानांना माझा नमस्कार सांगावा. त्यांनी किनाऱ्यावर बसू नये, गुडघाभर पाण्यात उभे राहावे.

भांग_उधाण

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, बँकेच्या नोकरीमुळे अकरा वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सर्फिंग मला जमत नाही, फ्लाय फिशिंग करतो. लेख उत्तम आहे, परंतु भरतीविषयी त्यात एक अक्षर नाही आणि कोकणात राहणाऱ्याला ते फार खटकते. पूर्व किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, त्यामुळे तिकडे वाळूचा बांध दिवसभर जवळपास तसाच राहतो. आमच्याकडे फरक मोठा आहे आणि मुंबईकडे उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी ज्या खडकावर उभे राहून मी लाइन टाकतो तो दुपारी डोक्याइतक्या पाण्याखाली असतो. त्यामुळे इथे घड्याळाआधी पंचांग पाहावे लागते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान. विदर्भात ‘उधाण आले’ म्हणजे मोठ्या लाटा आल्या असा अर्थ पुष्कळ जण घेतात. तो चुकीचा आहे, उधाण हे भरतीचे असते. मी भरती अर्धी चढत असतानाचे दोन तास धरतो, कारण तेव्हा मासे खाडीच्या चिखलात आणि कांदळवनाच्या मुळांत खायला शिरतात.

पश्चिम किनाऱ्याचे लाटांचे गणितही उलटे आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, बाकी काळ मवाळ. शिकणाऱ्याला ऑक्टोबर ते मे बरे. कर्नाटकातल्या मुल्कीला २००४ पासून मंत्र सर्फ क्लब आहे, तिथे पुष्कळांनी धडे घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा आमच्या शाखेत ही बातमी मला एकट्यालाच महत्त्वाची वाटली.

डोंगाभाऊंच्या आक्षेपावर एक माहिती द्यावीशी वाटते. आमच्या खाडीत जिताडा मिळतो. तोच विशाखापट्टणमकडे पंडुगप्पा म्हणून ओळखला जातो. हा मासा जन्माने बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला फार मोठा जिताडा ही जवळजवळ नेहमी अंडी घालणारी मादीच असते. मध्यम आकाराचा घरी न्यावा आणि मोठा सोडावा, असा माझा नियम आहे. त्यात दयेचा भाग थोडा आणि पुढच्या वर्षीच्या स्वार्थाचा अधिक.

नवशिक्यांसाठी आणखी एक सूचना. तलावावर बांबूच्या काठीने मासे धरलेल्या प्रत्येकाचा हात मासा लागताच काठी वर उचलतो. समुद्रात असे केले की गळ तोंडातून निसटतो. रॉड पाण्याकडे रोखलेलाच ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ, जोराने मागे ओढायची आणि गळ बसल्याची खात्री झाल्यावरच रॉड उचलायचा. मला हे कळायला पहिले एक वर्ष आणि सात जिताडे खर्ची पडले.

झाडीपट्टीकर

भरतीचा मुद्दा आणि उधाणाचा अर्थ, दोन्ही चुका पदरात घेतो. इतकी वर्षे मीही मोठ्या लाटेलाच उधाण म्हणत आलो. हात वर जाण्याचे दुखणे माझेही होते. माझे मल्याळी गुरू माझ्या उजव्या कोपराला रुमालाने कमरेशी बांधून ठेवत.

एक जोड देतो. साहित्य घरी आणल्यावर रील, रॉडची कडी आणि माश्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. मी पहिल्या जानेवारीत हे केले नाही आणि होळीपर्यंत रीलचे हँडल फिरेनासे झाले. वेल्डरच्या घरात लोखंड गंजावे यापरती नामुष्की नाही. फळी मात्र विकत घेऊ नये, आठ फुटांची वस्तू घेऊन डब्यात चढताच येत नाही, तिकडेच भाड्याने घ्यावी. रॉड चार तुकड्यांचा घ्यावा. तो नळकांड्यात मावतो, आणि स्थानकावर पोलिसांनी विचारले तर उघडून दाखवावा. मला तीनदा दाखवावा लागला आणि एकदा फलाटावर फेकूनही दाखवावा लागला. रॉड, रील व लाइन मिळून सुरुवातीला एका बऱ्या मोबाइलइतका खर्च येतो.

गाविलगड

मी अचलपूरचा. एवढ्या दूर समुद्रावर जाण्यापेक्षा मेळघाटातल्या नद्यांवर माशी टाकली तर?

झाडीपट्टीकर

गाविलगडभाऊ, व्याघ्र प्रकल्पातल्या नद्यांवर मासेमारीला बंदी आहे. तिथे टाकू नये, आणि टाकल्यास इथे सांगू नये.

डोंगा

बरेच दिवसांनी लिहीत आहे, रोवणीत होतो. जिताड्याची माहिती वडिलांना सांगितली. त्यांनी मान हलवली आणि मरळीची आठवण काढली. मरळ आपल्या पिल्लांच्या लाल घोळक्याखाली पहारा करत फिरते. तेव्हा तिला मारणे सोपे असते आणि म्हणूनच आमचे आजोबा त्या दिवसांत तिच्यावर हत्यार उचलत नसत. हल्लीची पोरे उचलतात. मोठी मादी सोडण्याचा नियम आम्हाला परका नाही, एवढेच सांगायचे होते. खेळासाठी पकडण्याचा नियम अजूनही परकाच आहे.

आणखी एक गोष्ट या धाग्यात कुणी लिहिली नाही. आमच्या तलावाचा सांडवा नाल्याने वैनगंगेला जातो. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्याच गोदावरीत समुद्रातून चढून येणाऱ्या पाला (हिलसा) माशाला आंध्रात पुलसा म्हणतात आणि त्याला सोन्याचा भाव येतो. तो आता धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापाशी अडतो. म्हणजे आपण सातशे किलोमीटर जाऊन ज्या पाण्यात उभे राहता त्यात आमच्या सांडव्याचे थोडे असावे. वडील म्हणाले, मग त्या माणसाला आपल्याकडे यायला काय हरकत आहे?

तेव्हा संस्थेत विषय काढला. तीनपैकी सर्वांत लहान तलावात या वर्षी बीज सोडलेले नाही. तिथे एखाद्या रविवारी सकाळी सराव करायला अध्यक्षांची ना नाही, लोकरीच्या तुकड्याने असो वा गळाने. वाऱ्याची काळजी नको, पश्चिमेकडे मोहाची झाडे आहेत. येताना एक जास्तीचा रॉड आणावा, वडिलांना ती लाइन फिरवून पाहायची आहे. ते फेकजाळे चाळीस वर्षे फेकत आले आहेत, त्यामुळे आपल्यापेक्षा लांब टाकतील अशी माझी पैज आहे. आणि मासा गळातून सुटला तर ‘सोडून दिला’ असे कुणी म्हणायचे नाही, अशी त्यांची अट आहे.